निळ्या ड्रममधलं पाणी

सकाळी सव्वासहाला मासा काचेच्या टाकीत वाळूवर आडवा पडलेला दिसला. बोटाएवढा, अर्धा जांभळा, अर्धा पिवळा. एरवी तो टाकीतल्या दगडाच्या कपारीत उलटा लटकून बसायचा आणि दाणे टाकले तरी मर्जी असेल तरच बाहेर यायचा, म्हणून घरात त्याला ‘साहेब’ म्हणत. आता दाणे त्याच्या तोंडाशी पडून होते आणि कल्ले भराभर हलत होते.

मासा नवऱ्याचा. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली, तेव्हापासून तो हॉस्पिटलात होता. कुणाकडे धड बघत नव्हता. बायको भेटीच्या वेळेत फोनवर साहेबांचा व्हिडिओ दाखवायची, तेवढ्यापुरता तो टक लावून बघायचा. अलीकडे तर डावं बोट उचलून पडद्यावर टेकवायचा. डॉक्टर म्हणाले होते, “छान. हेच चालू ठेवा.” ही बातमी तिने झाडून साऱ्या नातेवाइकांना कळवली होती.

हॉस्पिटलची पिशवी न्यायला नणंद आली तेव्हा वहिनी टाकीपुढे फतकल मारून बसली होती.

“कालचाच व्हिडिओ दाखव गं वहिनी. दादाला काय कळणार आहे?”

“त्यांना कळतं.”

“जन्मात माझा वाढदिवस लक्षात राहिला नाही त्याच्या. माशाची नाडी बरी कळेल!”

वहिनी हसली नाही. तिने माशांच्या दुकानदाराला फोन लावला.

“ताई, टाकीतलं पाणी आटलं की वरून कुठलं घालता?”

“बाल्कनीतल्या निळ्या ड्रममधलं. मिठाचं.”

“रोज?”

“रोज भांडंभर. समुद्राचा मासा ना तो?”



“अहो ताई, वाफ पाण्याची होते, मिठाची नाही. मीठ टाकीतच राहतं, त्यात तुम्ही रोज नवी भर घातलीत. निळा ड्रम पाणी बदलण्यापुरता. आटलेलं भरायला पांढऱ्या ड्रममधलं साधं पाणी. कोपऱ्यात मीठ मोजायची काचेची नळी तरंगतेय ना, मीठ वाढलं की वर येते ती, किती वर आलीय?”

“चांगली मान वर काढून उभी आहे.”

“हं. आता एकदम बदलाल तर त्यानेच जाईल. थोडं काढा, तेवढंच साधं घाला. दोन-तीन दिवस घेऊन उतरवा.”

“वाचेल ना?”

“आडवा पडलाय म्हणता... बघा.”

नळी कधीपासून वर येतेय ते बघायला तिने जुने व्हिडिओ उघडले. नणंदही खांद्यावरून वाकली. प्रत्येक व्हिडिओत उजव्या कोपऱ्यात नळी होती आणि आदल्या दिवसापेक्षा वर होती.

“वहिनी,” नणंदेचा आवाज उतरला. “दादा बोट ठेवायचा ते...”

“तिथेच ठेवायचे. नळीवर.”

त्याचं बोट चुकतंय असं वाटून ती रोज फोन सरकवायची आणि मासा त्याच्या बोटाखाली आणून द्यायची. वर शाबासकीही द्यायची.

कालचा व्हिडिओ तिने दाखवला नाही. पहिलं भांडं साधं पाणी घातल्यावर नवा काढला, आडव्या माशाचा, आणि हॉस्पिटलात तोच नवऱ्यासमोर धरला.

“चुकलं माझं. आता पांढऱ्यातलं घालतेय. हळूहळू. ऐकताय ना?”

त्याने शेवटपर्यंत पाहिलं. बोट चादरीवरच राहिलं. मग त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. नणंद म्हणाली, “दमला असेल.” वहिनीने फोन पुन्हा धरला, अगदी डोळ्यांसमोर, नळी मधोमध येईल असा. त्याने डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी नळी एक रेघ उतरली होती. साहेब तसेच वाळूवर. कल्ले हलत होते, पण सकाळपेक्षा सावकाश. हे सुधारणं की संपत येणं, ते विचारायला तिने दुकानात फोन लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही.