हिरवी पट्टी

…झाकण उघडंच, डबी न्हाणीच्या दगडावर, आणि कडेला वाळलेल्या काळ्या लेपाखाली अर्धं दडलेलं बारीक अक्षर — तंबाखू. दिव्यानीने अंगठ्याने लेप पुसला, पुन्हा वाचलं. आईची गुडाखूची डबी. दिव्यानी लहान होती तेव्हापासून इथेच, साबणाशेजारी; दात घासायच्या वस्तूवर वाचायचं काय असतं… आई सकाळी घासते, जेवल्यावर घासते, धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधावर बसूनही घासते.

आणि काल — काल दिव्यानी किती मजेत होती. सावली गावच्या शाळेत कॉम्प्युटर आल्याला जेमतेम वर्ष, त्यात नागपूरचे डॉक्टर आपला वेगळाच घेऊन आलेले; हजारो जुन्या रोग्यांची माहिती वाचून तो शिकला होता म्हणे, कोणाला तोंडाचा कॅन्सर होण्याचा धोका आहे ते आधीच ओळखायचा. उत्तरं टाइप करायला सरांनी अख्ख्या नववीतून तिलाच बसवलं. बाया रांगेत, ही खुर्चीवर.

"तंबाखू खाता का, गुणाबाई?"

"मायले नावानं हाक मारते, पाहा," आई मागच्या बाईला म्हणाली. "नाई वं. तंबाखूचा खर्रा तुया बाप खाते."

नाही, असं दिव्यानीने टाइप केलं, जरा जास्तच ऐटीत. पडद्यावर हिरवी पट्टी: धोका नाही. डॉक्टर लाल पट्टीवाल्यांचंच तोंड तपासत होते. आई तोंड न उघडताच घरी आली, वाटभर हसत. यंत्राला काय ठाऊक — त्याने माझंच खरं मानलं… आणि आई मिरची खात नाही, भात वरणात कालवून पातळ करते, तोंड आलंय म्हणते — धानकापणीपासून म्हणतेय, आता मोहफुलं गळायला लागली…

"आई, शाळेत चाल. दुपारपर्यंतच आहेत ते."

"काऊन? काल तं हिरवं आलं न."

"चुकलं."

"मशीन चुकते का वं?"

"मी चुकली."

शाळेत गर्दी ओसरली होती. दिव्यानीने आईचं नाव काढलं, 'नाही' पुसून 'हो' केलं, आणि बोट बटणावर थबकलं. दाबलं की लाल. न दाबलं तर… तर काल जसं होतं तसंच, आई हसत घरी, डबी दगडावर.

"आई, तोंड उघड."

"इथी? लोक पाहून राह्यले."

"उघड ना."

आईने उघडलं. दोन बोटं मावतील, एवढंच. तीन मावली नाहीत तर काळजीचं, असं डॉक्टर काल रांगेला सांगत होते.

"अजून."

"एवढंच उघडते आता," आई म्हणाली, घरातलं मीठ संपलं म्हणावं तशी.

बोट अजून बटणावरच. काल गावभराच्या बायांना विचारलं मी, आणि आईलाच, दुखते का — हे एवढं विचारलं नाही… पट्टी कोणत्या रंगाची येईल, हे दिव्यानीच्या मनात आता उरलंच नव्हतं. भीती पडद्यावरून उठून या दोन बोटांएवढ्या अंधारात येऊन बसली होती, आणि तिथून ती आपल्याकडेच बघतेय, असं तिला वाटत राहिलं.