सिंहाच्या पायापाशी दिसलेलं कडं

समजा, तुम्ही एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर उभे आहात. रात्रीचे आठ वाजलेत, पण अंधार म्हणावा असा कुठे नाहीच. खाली रस्त्यावरचे दिवे, समोर कपड्यांच्या दुकानाची भली मोठी झगमगती पाटी, पलीकडे पेट्रोल पंप. या सगळ्यांचा उजेड वर चढून आकाश गढूळ झालंय. तारे बोटांवर मोजता येतील एवढेच. आणि कुणीतरी तुम्हाला सांगतंय, की तीन कोटी वर्षांपूर्वी निघालेला उजेड आत्ता तुमच्या डोक्यावर पडतोय. पकडा बघू तो!

कसा पकडाल? असं धरा, की वर्गात चाळीस मुलं गोंगाट करताहेत आणि मागच्या बाकावरचं कुणीतरी एकच शब्द सारखा पुटपुटतंय. एकदा ऐकून काही कळणार नाही. साठ वेळा ऐकलं तर? गोंगाट दर वेळी वेगळा असतो, पुटपुटणं मात्र तेच असतं. साठ वेळचं ऐकलेलं एकावर एक ठेवलं, की गोंगाट विरत जातो आणि तो शब्द वर येतो. शहरातून दीर्घिकेचा, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या वस्तीचा, फोटो असाच काढतात. एकच जागा धरून ढीगभर फोटो घ्यायचे आणि कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे.

खारूला हे तिच्या मावशीने शिकवलं. मावशीचं चष्म्यांचं दुकान होतं आणि गच्चीवर एक छोटी दुर्बीण होती, जेमतेम चार बोटं रुंद. खारू अकरा वर्षांची. दिवसातून दहादा जिने चढायची-उतरायची, म्हणून घरात सगळे तिला खारूच म्हणत.

त्या आठवड्यात मावशी डोळे तपासायच्या शिबिरासाठी बाहेरगावी गेली होती. इकडे खारूने वर्गात सांगून टाकलं होतं, की विज्ञानाच्या भिंतीवर सोमवारी ती स्वतः काढलेली दीर्घिका लावणार. बोलून बसली होती, आता करून दाखवणं भाग होतं.

शुक्रवारी संध्याकाळी तिने दुर्बीण सिंह राशीकडे वळवली. सिंहाच्या मागच्या पायापाशी दोन दीर्घिका असतात, हे तिला पाठ होतं. बाबा सोबतीला खुर्ची टाकून बसले होते. दिवसभर बस चालवून त्यांचे डोळे मिटत होते.

"झाला का गं तुझा सिंह?"

"साठ फोटो घ्यायचेत बाबा. आत्ताशी एकवीस झालेत."

"एकवीस! आमच्या लग्नातसुद्धा एवढे नव्हते काढले."

साठ झाले तेव्हा आई खालून तिसऱ्यांदा हाक मारत होती. खारूने घाईघाईने कॅमेरा दुर्बिणीतून काढला, पिशवीत टाकला आणि धडाधड खाली गेली.

इथेच चुकलं. मावशीचा एक नियम होता. फोटो झाले, की कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. दुर्बिणीच्या तोंडावर स्वच्छ पांढरं फडकं ताणून बांधायचं आणि त्या कोऱ्या पांढऱ्याचेही वीसेक फोटो घ्यायचे. कॅमेऱ्यात धुळीचा कण असला, तर पांढऱ्यावर त्याची काळसर सावली उमटते. मग कॉम्प्युटर ती जागा बघून खऱ्या फोटोत तेवढाच भाग उजळ करतो, आणि डाग फिटतो.

शनिवारी सकाळी खारूला फडकं आठवलं. 'त्यात काय एवढं,' म्हणत तिने कॅमेरा पुन्हा दुर्बिणीला जोडला आणि पांढऱ्याचे वीस फोटो घेतले. मग सगळं कॉम्प्युटरच्या हवाली केलं. पंख्याची घरघर संपली आणि पडद्यावर चित्र आलं. मधोमध, किंचित उजवीकडे, एक फिकट उजळ कडं होतं. पुस्तकात दीर्घिका गोल असतात, तसंच गोल. खारू खोलीभर नाचली. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "आहे बुवा काहीतरी!"

सोमवारी फोटो भिंतीवर लागला. मंगळवारी मुख्याध्यापिका बाई स्वतः वर्गात आल्या आणि त्यांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या थांबल्यावर एकच हात वर होता. ती मुलगी प्रत्येक गोष्टीत वाद घालायची, म्हणून तिला सगळे वकीलबाई म्हणत.

"बाई, हे इतकं गोल कसं? कंपासने काढल्यासारखं? मी पुस्तकात बघितलं, अशी एकही नाही."

"जळतेस का गं?" मागून कुणीतरी म्हणालं.

"वकीलबाई, केस हरलात!"

वर्ग हसला. वकीलबाई मान खाली घालून बसली. खारूही हसली, सगळ्यांत मोठ्याने.

त्याच संध्याकाळी आकाश मोकळं होतं. खारूने पिशवीतून कॅमेरा काढला, त्यावर फुंकर मारून तो जोडला, दुर्बीण या वेळी सिंहाशेजारच्या कन्या राशीकडे वळवली आणि नवे साठ फोटो घेतले. पांढऱ्या फडक्याचे मात्र पुन्हा काढायचा तिला कंटाळा आला. शनिवारचे आहेतच की! तेच तिने वापरले.

चित्र आलं. मधोमध, किंचित उजवीकडे, एक फिकट उजळ कडं होतं.

खारूने पट्टी काढली. पडद्यावर पट्टी ठेवून कडेपासूनचं अंतर मोजलं. जुन्या फोटोतही मोजलं. दोन्हीकडे अगदी सारखं. सिंहाजवळची दीर्घिका उठून कन्येकडे कशी येईल? तिने सिंहाचे साठ फोटो पुन्हा रचले, या वेळी शनिवारचं पांढरं न वापरता. कडं गायब झालं. डाव्या कडेला मात्र दोन बारीकसे पुसट ठिपके उरले. कापूस चिमटीत धरून लांबट ओढावा, तसे.

तिने मावशीला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"कॅमेरा काढून परत लावलास, तेव्हा आत कण पडला असणार," मावशी म्हणाली. "शुक्रवारच्या फोटोत तो नव्हताच, आणि आज तू फुंकर मारलीस तेव्हा तो उडून गेला. पण शनिवारच्या फडक्यावर त्याची कड्यासारखी गोल सावली दिसली आणि कॉम्प्युटरने बिचाऱ्याने नसलेला डाग पुसायला ती जागा उजळ करून ठेवली. दुखत नसलेल्या दाताला औषध लावल्यासारखं."

"मावशी, तू नसतं गं असं केलंस."

"मी? मी तर एकदा तीन तास झाकण न काढता फोटो घेतलेत. थंडीत कुडकुडत! ते राहू दे. डावीकडचे ठिपके लांबट आहेत म्हणालीस ना? मग त्याच आहेत त्या. अगं खारे, मिळाल्या तुला! दोन्ही!"

"पण कुणाला दिसणारसुद्धा नाहीत एवढ्या बारीक आहेत. आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात." खारूचा आवाज बारीक झाला. "मी गप्प बसले तर कुणाला कळणार नाही ना?"

"नाही कळणार."

"मग?"

"मग काय? आमच्या दुकानात नंबर चुकला तर आम्ही चष्मा परत घेतो. गिऱ्हाइकाला डोळे बदलून आण, असं नाही सांगत." मावशीकडे कुणीतरी हाक मारत होतं. "चल, रांग लागलीय. ठेवते."

टाळ्यांचं खारूला वाईट वाटत होतंच. त्याहून जास्त टोचत होतं ते आपलं हसणं. वर्गात एकीनेच फोटो नीट बघितला होता, आणि तिलाच सगळ्यांनी गप्प केलं होतं.

बुधवारी ती घंटेच्या वीस मिनिटं आधी शाळेत पोचली. शिपाईकाकांनी कुलूप काढता काढता विचारलं, "आज सूर्य कुठून उगवला?" ती तडक विज्ञानाच्या भिंतीकडे गेली. बाकावर चढून तिने उंचावरच्या जुन्या फोटोच्या शेजारी नवा फोटो टाचला. जुना तसाच राहू दिला आणि त्याच्याखाली जाड पेनने लिहिलं:

'हे कडं दीर्घिका नाही. माझ्या कॅमेऱ्यात धूळ पडली आणि मी फडक्याचे फोटो वेळेवर काढले नाहीत, म्हणून ते दिसतंय. खऱ्या दीर्घिका नव्या फोटोत डाव्या कडेला आहेत. दोन आहेत. बारीक आहेत, जवळ जाऊन बघा.'

मुलं येऊ लागली. काहीजण वाचून एकमेकांना कोपरखळ्या मारू लागले. "धुळीला टाळ्या वाजवल्या आपण!" असंही कुणीतरी म्हणालं. खारूचे कान तापले, पण ती भिंतीपासून हलली नाही. वकीलबाई दारातून आत आली आणि कुणाकडे न बघता आपल्या जागेकडे निघाली.

खारू तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तू बरोबर बोलत होतीस. मी हसले, ते चुकलं." मग तिने पहिला बाक ओढून भिंतीला लावला, त्यावर चढली आणि वकीलबाईला वर घ्यायला हात पुढे केला.