खाटेवरचा माणूस

आबांनी कागद माझ्या हातून ओढला तेव्हा शाई ओली होती. त्यांच्या अंगठ्याने मायच्या गालावर काळा फराटा ओढला. कागदावरच्या मायच्या.

"हे काय हाय?"

"आपलं घर."

आबा कापडाच्या लूमवर रात्रपाळी करून आले होते. मशीनच्या आवाजाने कान गेलेत, म्हणून घरातही ओरडूनच बोलतात. बमरोलीतल्या आमच्या एका खोलीत जमिनीवर सगळीकडे पानं वाळत होती. चौकटीला चौकट लावून काढलेलं माझं लहानपण. मी पांडेसऱ्याच्या मिलमध्ये साड्यांची डिझाइनं काढते. दिवसभर मोर आणि कोयरी, कोयरी आणि मोर. चित्रकला कोणी शिकवली नाही. शिकलेले फुलदाण्या काढत बसलेत, मी घर काढलं. पुस्तक छापायला एकजण तयार झाला होता. पानं संध्याकाळपर्यंत पाठवायची होती.

आबांच्या हातातल्या पानावर तेच होते, पट्टा उगारलेले. कोपऱ्यात माय, दोन्ही हात तोंडावर.

"लिहिलं असतंस तर बोललो नसतो. आपल्यात कोण वाचतं? हे तर आखी गल्ली उभ्या उभ्या पाहील. तुझी माय बी."

"म्हणूनच काढलं."

"फाड."

"नाही."

"फाड म्हनतो हर्षदा, नाहीतर सगळीच गॅसवर धरीन!" मग एकदम हसले. "तू एवढीशी व्हतीस, तुले काय आठवनार? तुझ्या मायले विचार. ती खरं म्हनली तर धाड खुशाल."

त्यांना खात्री होती. माय त्यांच्याविरुद्ध कधी एक शब्द बोललेली नाही. मलाही तीच भीती होती. तिला अक्षर वाचता येत नाही, चित्र येतं. पण आजवर एकही पान मी तिला दाखवलं नव्हतं.

"कले, इकडे ये!" आबांनी मायला हाक मारली.

माय मोरीतून हात पुसत आली. पहिल्या चौकटीवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या. कुठून कुठे जायचं, तिला कोणी सांगितलं नाही. पट्ट्याच्या चौकटीवर बोट थांबलं.

"हाई खोटं शे."

"ऐकलं?" आबा माझ्याकडे वळले.

तुझ्यासाठी काढलं गं हे, आणि तूच?

"दोन्ही हात तोंडवर कशाले काढात वं?" माय म्हणाली. "मना एक हात पदरवर व्हता."

"तुझा हात पदरावर?"

"सासरा समोर खाटवर बठेल व्हता ना. पदर पडू कसा देऊ? तोंडले एकच हात. तो कोठे कोठे पुरीन?"

धुडकू आजोबा. माझ्या चित्रात ते नव्हतेच. भिंतीवरच्या फोटोत आहेत, रोज हार घालतो आम्ही.

"कले, गप." आबांना इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

माय गप बसली नाही. "त्याले बी काढ. पाय हालावत व्हता." मग आबांकडे न बघता म्हणाली, "ते फाडा आते. चुकेल शे."

आबांनी फाडलं नाही. कागद धरून तसेच उभे राहिले.

मी नवा कागद घेतला आणि आधी खाट काढली.