येझदीचं कव्हर आणि आक्काचं पांढरं पातळ

शेवंताआक्का निपाणीच्या बिडी वळणाऱ्या बायकांत तोंडानं तिखट म्हणून प्रसिद्ध होती, आणि सगळ्यात तिखट ती आपल्या धाकट्या भावाच्या मोटारसायकलीबद्दल बोलायची. "ती गाडी न्हवं रं धर्मा, घाणा हाय. बसलं की तेल मिळतंय."

यात खोटं काही नव्हतं. धर्मराजनं ती जुनी येझदी लोंढ्याच्या एका रेल्वेवाल्याकडून घेतली होती. त्या बाबानं कधीतरी ती दगडावर घातली होती आणि इंजिनाच्या डाव्या अंगाचं, क्लच झाकणारं ॲल्युमिनियमचं कव्हर चिरलं होतं. धर्मराज त्या चिरेत साबण भरायचा. साबण दोन दिवस टिकायचा, मग तेल पुन्हा झिरपायचं आणि वाऱ्यानं मागं उडायचं. पुरुष मागं बसला तर फार तर पायताण तेलकट व्हायचं. पण बायका बसतात दोन्ही पाय डावीकडे सोडून, म्हणजे बरोबर त्या गळतीच्या मागे.

गेल्याच्या गेल्या दसऱ्याला व्हायचं ते झालं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आक्का पांढरंशुभ्र पातळ नेसून त्याच्या मागं बसून बेळगावला गेली आणि उतरली तेव्हा काठापासून गुडघ्यापर्यंत काळी नक्षी उमटली होती. सभेत तिच्यासोबत बिड्या वळणाऱ्या मालुबाईनं विचारलं, "आक्का, इंजान पुसून आलीस व्हय?" बायका हसल्या. आक्काही हसली, पण येताना यष्टीनं आली आणि त्यानंतर गाडीवर बसली म्हणून नाही.

धर्मराजला हे फार लागलं. तो आता पोस्टात कारकून होता, लोक त्याला साहेब म्हणत होते; पण आई गेल्यावर आक्कानं बिड्या वळून त्याला मॅट्रिक केलं होतं. तंबाखूच्या वखारीतून तिला रोज पायी घरी येताना त्यानं पाहिलं होतं आणि नोकरी लागली की हिला गाडीवर बसवायचं हे शाळेतच ठरवलं होतं. ही गाडी मी आक्कासाठी घेतली असं तो सगळ्यांना सांगायचा. ते निदान निम्मं तरी खरं होतं.

यंदा बेळगावच्या कार्यक्रमात पंचशील म्हणायचा मान आक्काला मिळाला होता. धर्मराजनं आठवडाभर आधी विषय काढला. "आक्का, ह्या येळंला गाडीवरनं चल. नवीन कव्हर बसवतो."

"मी यष्टीनं जाईन. यष्टी धूळ देती, तेल न्हाय देत."

"एक डाव बस. एक थेंब जरी पडला तर पुन्यांदा तुला गाडीवर बस म्हणून म्हणणार न्हाय. माझा सबूद."

आक्कानं त्याच्याकडे बघितलं. भाऊ शब्दाचा पक्का होता. लहानपणी एकदा पेरूला हात लावणार नाही म्हणाला, तर पेरूचा हंगाम संपेपर्यंत त्यानं हात लावला नव्हता. "बरं," ती म्हणाली. "शेवटचा डाव."

रविवारी धर्मराज बेळगावला गेला. कंपनीचं कव्हर मागवायचं तर दिवाळी उलटणार होती, म्हणून तो बाजारात रघुवीर शेठच्या स्पेअर पार्टच्या दुकानात शिरला. शेठनं दोन कव्हरं काउंटरवर ठेवली. एक उद्यमबागेतल्या कुठल्याशा फाउंड्रीत ओतलेलं, जड, राखाडी, दिसायला अगदीच ओबडधोबड. दुसरं बाहेरगावचं, हलकं आणि असं चकचकीत की त्यात दुकानाचा पंखासुद्धा फिरताना दिसत होता.

"साहेब, हे राखाडी न्या," रघुवीर शेठ म्हणाले. "याचं इंजिनाला टेकणारं तोंड सपाट आहे. ते दुसरं नुसतं दिसायला. रूप बघून सून केली की पुढचं सासूनं निस्तरायचं, तसं होईल."

दुकानदार स्वतःहून कमी नफ्याची वस्तू पुढं करतो तेव्हा शहाण्यानं ती मुकाट्यानं उचलावी. धर्मराज एरवी शहाणाच होता. पण त्याच्या डोळ्यांपुढं आक्का आली, पांढऱ्या पातळातली, आणि तिच्या पायापाशी हे चकाकतं कव्हर. वखारीत आयुष्य काढलेल्या बाईनं झगमगीत गाडीवरून उतरावं असं त्याला वाटलं. त्यानं चकचकीत उचललं. शेठनं सोबत दिलेलं, कव्हर आणि इंजिन यांच्या मध्ये बसवायचं कागदी पॅकिंग त्यानं नीट चार घड्या घालून खिशात ठेवलं, तेही पॅकिंगला घडी घालायची नसते हे ठाऊक नसल्यामुळे.

निपाणीत भरमूचं गॅरेज होतं. भरमू हात चांगला चालवायचा, पण वेळेच्या बाबतीत त्याचं पंचांग वेगळं होतं. उद्या करतो, परवा करतो म्हणत त्यानं गाडी उघडली ती अष्टमीच्या संध्याकाळी. येझदीला किक आणि गिअर एकाच दांड्यावर. तो दांडा ओढून काढताना जुनं कव्हर चिरेवरून तुटलं आणि दोन तुकडे झाले. "बरंच झालं," भरमू म्हणाला. "आता माघार न्हाय. उद्याच्याला बसवतो, अण्णा."

नवमीला धर्मराज गॅरेजवर गेला तर दारात रांगोळी, आत उदबत्तीचा धूर. पाने, हातोडे, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, हवेचा पंप, सगळं घासूनपुसून पाटावर मांडलेलं, प्रत्येकाला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. आणि मधोमध, देवासारखं, धर्मराजचं कव्हर. कुंकवाचा टिळा लावलेलं.

खंडेनवमी आहे हे त्याच्या लक्षातच नव्हतं. त्यांच्या घरात ती पूजा कधीच बंद झाली होती.

"भरमू, ह्ये काय रं?"

"नवीन वस्तू न्हवं का," भरमू कौतुकानं म्हणाला. "म्हटलं, अण्णांच्या कव्हराला पयला मान. लई चमाकतंय बगा."

"आन् बसवायचं कवा?"

"आता हत्याराला हात न्हाय लावायचा. उद्या सांजंला सोनं लुटून आलो की बसवतो."

"अरं उद्या सकाळी मला आक्काला घिऊन बेळगावला जायचंय."

भरमूचा चेहरा पडला. चूक झाली हे त्याला कळलं, पण पूजलेला पाना उचलायचं पाप त्याच्यानं होईना. धर्मराजलाही त्याच्यावर जबरदस्ती करवेना. दुसऱ्याची श्रद्धा पायदळी तुडवून आपल्या धम्मदिनाला जायचं, हे त्याला पटलं नाही. तो तसाच घरी आला आणि आक्काला म्हणाला, "तू यष्टीनंच जा."

आक्कानं सगळं ऐकून घेतलं. बिडीचं सूप बाजूला सारलं. "त्याची हत्यारं पुजल्यात. आपल्या गल्लीतली कुटं पुजल्यात? आण्णाप्पाला उठीव."

आण्णाप्पा त्यांच्याच गल्लीतला, संकेश्वरकडच्या साखर कारखान्यात फिटर. त्याची हत्यारांची पेटी पूजेविना खाटेखाली पडली होती. ती पेटी आण्णाप्पाच्या खांद्यावर देऊन तिघं गॅरेजवर आली. भरमू दारात अवघडून उभा राहिला. "आक्का, तुमची हत्यारं चालतील. पन कव्हर पूजंत हाय."

आतून त्याची आई राजाबाई बाहेर आली. तिनं पाटाकडं पाहिलं, मग लेकाकडं. "दुसऱ्याची वस्तू आपल्या पूजंत मांडायला तुला कुनी सांगितलं? ती तर पावनी. पावन्याला कुंकू लावत्यात, डांबून ठेवत्यात व्हय?" तिनं फूल उचलून बाजूला ठेवलं, कव्हर पदरानं पुसलं आणि आक्काच्या हातात दिलं. आक्कानंही ते दोन्ही हातांनी घेतलं.

मग गॅरेजच्या अंगणात काम सुरू झालं. भरमू हात पाठीमागं बांधून उभा राहिला आणि तोंडानं गाडी दुरुस्त करू लागला. चुकून आपला हात पुढं जाईल म्हणून त्यानं बोटं एकमेकांत अडकवली होती. त्यानं आधी कव्हर काचेवर पालथं ठेवायला सांगितलं. ठेवल्याबरोबर ते डुगडुगलं. रघुवीर शेठ बरोबर बोलले होते. तोंड सपाट नव्हतं.

"काचंवर पालिश पेपर ठेवा आन् घासा," भरमू म्हणाला.

धर्मराज घासायला बसला. पोस्टात शिक्के मारून तयार झालेला खांदा थोड्याच वेळात बोंबलायला लागला.

"झालं?"

"अजून."

"आता?"

"अजून, अण्णा. त्या कोपऱ्यात फट हाय, हवा दिसतीया."

"हवाच हाय न्हवं, जाऊ दे," धर्मराज म्हणाला आणि उठला. भरमूनं तोंड उघडलं, पण पूजेच्या दिवशी कशाला वाद, म्हणून मिटलं.

खिशातून पॅकिंग काढलं तर ते प्रत्येक घडीवर चिरलेलं. आज दुकानं सगळी पूजेत. राजाबाईनं भिंतीवरच्या गेल्या सालच्या कॅलेंडरचा पुठ्ठा काढून दिला. इंजिनाच्या काठाला तेल लावून त्यावर पुठ्ठा दाबला, तसा काठाचा ठसा उमटला. आता तो कापायचा कुणी? आण्णाप्पाच्या पेटीत कात्री नव्हती आणि भरमूची पाटावर.

"आण हिकडं," आक्का म्हणाली. तिच्या कनवटीला बिडीची पानं कापायची कात्री असायचीच. तिनं पुठ्ठा मांडीवर घेतला आणि कात्री अशी फिरवली की आण्णाप्पा बघत राहिला. पुठ्ठा सुटला तो सुरेख, गोल, गुळगुळीत. फक्त स्क्रू जायचे ते कडेचे सगळे कान तिनं छाटून टाकले होते. पानाची शीर आणि कड टाकायची, ही तिच्या हाताची सवय.

"आक्का, ह्याची बिडी चांगली हुईल," आण्णाप्पा म्हणाला. सगळ्यात आधी आक्काच हसली, इतकी की तिला डोळे पुसावे लागले. दुसरा पुठ्ठा तिनं जीभ दातांत धरून, सावकाश कापला. कान राहिले, भोकं पडली. आण्णाप्पानं कव्हर बसवलं, भरमूच्या सांगण्याप्रमाणे स्क्रू समोरासमोरचे आवळत आणले, दांडा चढवला, तेल ओतलं. धर्मराजनं किक मारली. खाली वर्तमानपत्र अंथरून सगळे वाकून बघत बसले. कागद कोरडा राहिला, आणि भरमूनं अखेर पाठीमागचे हात सोडून टाळी वाजवली.

दसऱ्याच्या सकाळी आक्का पांढरं पातळ नेसून मागं बसली. एक हात भावाच्या खांद्यावर, कव्हर उन्हात लखलखत होतं. गल्लीतल्या बायका दारात आल्या. धर्मराजला आनंदानं धड बोलता येत नव्हतं. संकेश्वरला चहासाठी थांबल्यावर त्यानं कव्हरच्या वरच्या काठावरून बोट फिरवलं, बोट कोरडं निघालं. आक्का बाकावर बसून निऱ्या सारख्या करत होती. "निघू या," ती म्हणाली.

बेळगावच्या मंडपात माणसं दाटली होती. आक्का मंचावर उभी राहिली आणि खणखणीत आवाजात पंचशील म्हणू लागली, तिच्यामागून सगळा मंडप. धर्मराज पुढच्या रांगेत हात जोडून होता. ती वळली तेव्हा त्याला दिसलं. पातळाच्या काठाच्या वर, डाव्या बाजूला, रुपयाएवढा काळा डाग.

पुढं कोण काय बोललं ते त्याच्या कानांत शिरलं नाही. कुणी पाहिलं नव्हतं, सांगायलाच हवं असंही नव्हतं. पण शब्द त्यानं आक्काला दिला होता, लोकांना नाही. कार्यक्रम संपल्यावर निपाणीच्या बायका यष्टीकडं निघाल्या, मालुबाई आक्काला हाक मारू लागली, तेव्हा तो तिच्यापाशी गेला.

"आक्का, डाग पडलाय. तू मालुबाईसंगं जा. पुन्यांदा म्हणणार न्हाय मी."

आक्कानं खाली बघितलंसुद्धा नाही. "ठावं हाय. संकेश्वरातच बगितला मी."

"मग बोलली न्हाईस?"

"काय बोलू? कव्हर तू घासलंस, पुठ्ठा मी कापला. निम्मा डाग तुजा, निम्मा माजा. मी कापल्याला पुठ्ठा गळला म्हणून तू का सबूद पाळायचा?"

धर्मराजचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवले नाहीत.

आक्कानं मालुबाईला हातानंच पुढं जा म्हणून खुणावलं, पातळाचा काठ वर खोचला आणि चालत जाऊन गाडीपाशी उभी राहिली. "उद्या दुकानं उघडली की चांगला कागद आण," ती म्हणाली. "कॅलेंडरचा पातळ पडला. आन् त्यो कोपरा भरमू म्हणंल तितका घास. चल, किक मार."