सध्या मंडपात सुखरूप

आमच्या डोंगरात वर्षाला चार जत्रा भरतात आणि चारही जत्रांत माझी आई हरवते. बर्फ वितळल्यावरची, उन्हाळ्यातली, सफरचंदं उतरल्यावरची आणि पुन्हा बर्फातली. जत्रेचा माइक माझ्याकडे. हरवलेली पोरं, छत्र्या, एकदा तर कवळी, सगळं माझ्याच डोक्यावर.

आई हरवते म्हणजे काय, तर मंडपात येऊन माझ्या शेजारी बसते आणि म्हणते, "मी हरवलेय. पुकार."

हे कोणासाठी ते मला पक्कं ठाऊक. तीन ओळी पलीकडे थोरल्याचं लोकरी टोप्यांचं दुकान लागतं. आम्ही भाऊ दोन वर्षं बोलत नाही. बाबांच्या शिलाई मशीनवरून वाजलं. मशीन माझ्या घरी आहे, ती चालत नाही, मला शिवता येत नाही, पण द्यायची म्हटलं की पोटात दुखतं. आई माझ्याकडे राहते, म्हणून थोरला तिला भेटायलाही येत नाही. तूच जा त्याच्या दुकानी, म्हटलं तर आई म्हणायची, "मी का जाऊ? मी आई आहे."

मग मी ठरलेल्या चालीत पुकारायचो. "एक आजी हरवल्या आहेत. निळा कोट, हातात काठी. सध्या मंडपात सुखरूप बसल्या आहेत. मोठ्या मुलानं घेऊन जावं."

थोरला ढिम्म. जत्रेचे अध्यक्ष मात्र लगेच हजर. "पुन्हा घरची भांडणं माइकवर आणलीस तर माइक माझ्या जावयाकडे," असं त्यांनी सफरचंदांच्या जत्रेत बजावलं. जावयाला शिंकल्याशिवाय एक वाक्य पुरं करता येत नाही, पण जावई तो जावई.

बर्फाच्या जत्रेत आईला बसमधून उतरवून बाकावर बसवलं आणि वायरी जोडायला गेलो. परत येतो तर बाकावर नुसती काठी. धुकं असं की स्वतःचे बूट दिसेनात, आणि दरी चाळीस पावलांवर. चहावाल्याला विचारलं, पाळणेवाल्याला विचारलं. माझी पार तंतरली.

माइक धरला तर चाल आठवेना. "आई हरवलीय," एवढंच म्हणालो. "आई सापडत नाहीये, दादा."

अध्यक्ष तणतणत आले, त्यांच्या आधी थोरला. गळ्यात गिऱ्हाइकाला दाखवायचा मफलर तसाच, धाप लागलेली.

"कुठं सोडलीस तिला?"

"बाकावर. पण तुला कसं कळलं, या वेळी खरंच..."

"सुखरूप म्हणाला नाहीस, गाढवा."

दरीचा कठडा बघितला, पूल बघितला, पाळण्यामागं बघितलं. थोरला रडत होता आणि मला शिव्या घालत होता. मीही तेच करत होतो.

शेवटी त्याच्या दुकानापुढं गर्दी दिसली. आत आई, डोक्यावर लाल टोपी, एकावर एक फुकट देत बसलेली.

"दुकान टाकून कुठं उलथला होतास?" ती थोरल्याला म्हणाली. "पुकारायला बंदी, म्हणून मी एवढी चालत आले, आणि हा गायब."

"काठी का टाकलीस?" मी ओरडलो.

"दोन वर्षांनी भेटायचं, तर काठी घेऊन? म्हातारी झाले म्हणाला असता."

थोरला खाली बसला आणि तिच्या बुटांवरचा बर्फ हातानं झाडू लागला.

मी मंडपात गेलो. माइक चालू केला. "निळ्या कोटातल्या आजी सापडल्या आहेत. मोठ्या मुलाच्या दुकानात सुखरूप बसल्या आहेत. माझ्याकडे एक शिलाई मशीन आहे. ती मोठ्या मुलानं घेऊन जावी."

अध्यक्षांनी हात पुढं केला. मी माइक देऊन टाकला.