बाटलीच्या बुडाएवढा गोल

“त्या फ्रीजरमध्ये जे गेलं ते पुन्हा तोंडात जाता कामा नये,” आमचे जुने तंत्रज्ञ लुबेगाकाका मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. बाळंतपणाची रजा संपवून मी नुकतीच कामावर आले होते, आणि काढलेलं दूध ठेवायला आमच्या कंपालाच्या प्रयोगशाळेत दुसरी थंड जागा नव्हती.

“काका, माझं झाकण घट्ट आहे.”

“झाकणाबद्दल कोण बोलतंय? शेजाऱ्यांबद्दल बोलतोय मी.”

मी हसले. वीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला सगळीकडे विषच दिसणार, असं वाटलं.

आम्ही मटोके, म्हणजे शिजवून खायच्या हिरव्या केळीच्या मर रोगावर काम करत होतो. डीएनएचे चार तुकडे ठरल्या क्रमाने जोडायचे होते. प्रत्येक तुकड्याचं टोक पुढच्याच्या टोकाशी जुळेल असं आधीच आखलेलं असतं. एक एन्झाइम टोकं कुरतडून मोकळी करतं, जुळणारी टोकं एकमेकांना धरतात, दुसरं फट भरतं, तिसरं सांधतं. सगळं एकाच नळीत, पन्नास अंशांवर तासभर. पण त्याआधी तुकडे जेलमधून, म्हणजे जेलीसारख्या पातळ वडीतून, कापून घ्यावे लागतात, आणि ते दिसावेत म्हणून जेलला अतिनील दिव्याखाली चमकणारा एक नारिंगी रंग लावतात. हा रंग डीएनएच्या धाग्यात शिरून बसतो. केळीच्या काय आणि माणसाच्या काय.

त्या गुरुवारी नळी गरम ठोकळ्यात ठेवून मी फ्रीजर उघडला. आदल्या दिवशी चार तास वीज नव्हती. मीच कापून ठेवलेल्या जेलच्या तुकड्यांची पिशवी वितळून गळली होती आणि खालच्या कप्प्यात पाणी थिजलं होतं. मधोमध बाटलीच्या बुडाएवढा कोरडा गोल. म्हणजे पाणी ठिबकलं तेव्हा बाटली तिथेच होती. संध्याकाळी अंधारात मी ती चाचपून उचलली आणि घरी नेली होती.

तो थिजलेला ओघळ कापसावर खरवडून घेऊन मी अतिनील दिव्याखाली धरला. नारिंगी चमकला.

माझी नणंद नाकिबूले माझ्या मुलीला, मिरेंबेला, दहा वाजता पाजते. दहा वाजून गेले होते. चौथ्या वेळी तिने फोन उचलला.

“वहिनी, पोरीला खाली टाकून फोन घेऊ का मी?”

“बाटली दिलीस?”

“अर्धी संपवली. तुझ्यावरच गेलीय, घाई भारी.”

“उरलेली देऊ नकोस. धुऊही नकोस. मोटारसायकलवाल्याकडे देऊन इकडे पाठव.”

“पाजलेलं दूध परत मागवतेस?” ती हसली. “आत्ताच पाठव,” मी म्हटलं, तशी ती थांबली. “वहिनी, काय झालंय?”

बाटली आली. काकांनी खोलीतला उजेड मालवला. झाकणाच्या कडेला, बाहेरून, एक ठिपका चमकत होता. आणि आत? दूध त्या दिव्याखाली मुळातच फिकट उजळतं. त्यात आणखी काही मिसळलंय का, ते दिवा सांगत नाही. काका ‘सांगितलं होतं’ म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टर म्हणाले, एवढ्याने काही होत नाही. चारही तुकडे त्या दिवशी अचूक जुळले होते. मिरेंबे आता दोन वर्षांची आहे, धावते, चावते. तिला साधा ताप आला तरी मी तो वहीत लिहिते.

तुमच्या ओळखीत, अशाच एखाद्या प्रयोगशाळेत, कुणी नुकतीच बाळंतपणाहून परतली असेल तर आजच तिच्याकडे जा. दूध कुठे ठेवतेस, एवढंच विचारा. ती कदाचित खोटं सांगेल; दुसरी थंड जागा नसेल तर मीही सांगितलं असतं. तरी विचारा.