मी घोडीकडला

मी लगाम बोलतोय. मधे कुणी बोलू नका. जन्मभर दुसऱ्याच्या तोंडात राहिलो, आज मला स्वतःचं तोंड फुटलंय.

सन अडतीसला सारंगखेड्याच्या जत्रेत एका मोच्यानं मला शिवलं. तिथंच खांडबाऱ्याच्या झुंबरलाल शेठनं पांढरी घोडी घेतली आणि मला तिच्या तोंडात घातलं. शेठच्या धाकटीचं, धनकंवरचं, लग्न ठरलेलं. वरात आगगाडीनं येणार. जावयानं स्टेशनापासून घोडीवर यायचं आणि दारावरच्या तोरणाला छडी मारायची, ही त्यांची मारवाडी रीत. थोरलीच्या लग्नात भाड्याचं घोडं बिथरलं आणि जावई उकिरड्यात गेला. गाव अजून हसत होतं. पुन्हा तसं झालं, तर शेठला तोंड दाखवायला जागा नव्हती.

म्हणून शिकवणी लागली. दुकानासमोर खुंटा, खुंट्याला दोर, दोर माझ्या डाव्या कडीला. घोडीची देखभाल करणारा रूपसिंग मोतद्दार हाकायचा आणि घोडी गोल, गोल, गोल. दुसरीकडं न्यायची नाही. का? तर शेठला गादीवरून दिसली पाहिजे. दाणा त्याचा ना. मला अशी भोवळ यायची की स्टेशन दुकानात शिरल्यासारखं वाटायचं.

शेवटी घोडीला सरळ चालणंच येईना. दोर सोडला तरी गोल. एकदा रूपसिंगला पाठीवर घेऊन दारासमोर इतकी फिरली की तो उतरला आणि उभा राहण्याऐवजी खालीच बसला.

"शेठ, घोडी कटाळनी," तो म्हणाला.

"घोडी कटाळस? तिले काय तमाशा देखना शे?"

आतून शेठची बायको तीजाबाई बोलली, "तुम्हले दुसरा दिन तीच भाजी दिधी तर ताट लोटतस. तिले मात्र रोज तोच खुटा."

शेठनं दुसऱ्याच दिवशी खुंट्याचा दोर सोडायला लावला. तीजाबाईपुढं त्याचं काही चालायचं नाही.

मग काय मजा सांगू. एक दिवस नदी. घोडीनं पाण्यात तोंड घातलं, तोंडातला माझा भाग लोखंडाचा, तरी मीही प्यालो. एक दिवस टेकडी, एक दिवस आठवड्याचा बाजार. एक दिवस स्टेशन. इंजिन किंचाळलं तशी आम्ही दोघं शेतात. दुसऱ्यांदा मात्र तिनं नुसता कान हलवला. मग ढोलवाले आले आणि ती चक्क ठेका धरू लागली. मी खुळखुळत होतो. या वयात लाज वाटते सांगायला, पण खुळखुळत होतो.

लग्नाच्या दिवशी जावई सुभाषचंद चढला. ढोल वाजला, घोडी थिरकली. शेठनं दारात उभं राहायचं, तर धीर न धरवून तो धावत कोपऱ्यावर आला. आता ही पाडते या धास्तीनं मला दोन्ही हातांनी धरून लोंबकळला. घोडी कशाला थांबते? पागोटं गळ्यात, धोतर हातात, असा शेठ दुडक्या चालीनं आपल्याच दारात आला. घोडी मात्र तोरणाखाली देवासारखी उभी राहिली. छडी बरोबर लागली.

तीजाबाई ओवाळायचं ताट घेऊन उभी. नवऱ्याला वरातीबरोबर पाहून म्हणाली, "तुम्ही पोरीकडला का पोराकडला?"

शेठला धाप लागलेली. म्हणाला, "मी घोडीकडला."

तेव्हापासून रोज दुकान लवकर बंद. शेठ स्वतः तिला घेऊन निघायचा, रोज वेगळ्या वाटेनं. मागल्या साली घोडी गेली. मी आता दुकानात मिरच्यांच्या पोत्यांवरच्या खिळ्याला टांगलेला आहे, कातडं तडकलंय. तुमच्या दारात घोडं असेल तर त्याला गादीवरून शिकवू नका, बरोबर चाला. निघा आता. आणि जाताना एरंडेलाचं बोट फिरवा माझ्यावर, नुसतं ऐकून काय जाता.